पोरं, कुत्रा आणि भुसावळचा मे महिना

पत्र, थोडक्यात : भुसावळच्या एका ताईंनी लिहिलं आहे. मुलगा १० वर्षांचा, मुलगी ६ वर्षांची. दोन वर्षांपूर्वी रस्त्यावरून उचलून आणलेला देशी कुत्रा, वजन १५ किलोच्या आसपास. यजमान रेल्वेत, आठवड्याला तीन-चार रात्रपाळ्या. त्यामुळे दुपारी एक खोली त्यांच्या झोपेसाठी बंद आणि कूलरच्या बैठकीत बाकी सगळे. ताईंनी सुटी लागण्याआधीच सकाळी ९ ते संध्याकाळी ६ असं वेळापत्रक आखलं, हस्तकलेचं दीड हजाराचं साहित्य आणलं. ते चार दिवसांत संपलं. पाचव्या दिवशी पोरांनी व्हिडिओ पाहून मैदा-मिठाच्या बाहुल्या केल्या. त्या कुत्र्याने खाल्ल्या आणि तो रात्रभर ओकत राहिला. त्याच आठवड्यात गच्चीवर सासूबाईंच्या कुरडया वाळत होत्या, त्यांच्यावरून तो धावत गेला. सासूबाईंचं म्हणणं, सुटी संपेपर्यंत त्याला शेतावर नेऊन सोडा. त्यात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नणंद दोन मुलांना घेऊन येणार. ताई विचारतात, “बाहेर ४५ अंश, घरात चार पोरं आणि एक कुत्रा. दिवसभर गुंतवून ठेवतील असे नवनवे उपक्रम सांगा. आणि कुत्र्याचं काय करू?” मैत्रिणीची मुलं शिबिराला जातात, हे वाक्य पत्रात दोनदा आलं आहे.

ताई,

आधी त्या बाहुल्यांचं बोलू, कारण त्यात तुमचा कुत्रा थोडक्यात वाचला आहे. त्या व्हिडिओंमध्ये बहुधा दोन वाट्या मैद्याला एक वाटी मीठ असतं. कुत्र्याच्या वजनाच्या दर किलोमागे साधारण २ ग्रॅम मीठ पोटात गेलं की त्रास सुरू होतो, दुपटीला जीवावर बेततं. तुमच्या १५ किलोच्या कुत्र्याला ३० ग्रॅम मीठ पुरे, आणि ते लिंबाएवढ्या दोन गोळ्यांत भरतं. उलट्या, खूप तहान, मग झोकांड्या आणि झटके असा क्रम असतो. पुन्हा असं झालं तर सकाळची वाट न पाहता जनावरांच्या डॉक्टरांकडे न्या. ओकारी काढायला मिठाचं पाणी पाजतात ना आपल्याकडे, ते तर अजिबात नको. घरात कुत्रा आहे तोवर मिठाची माती बंद. तिच्याऐवजी काय करायचं ते पुढे सांगते.

शेतावर सोडायचं का? माझं मत, नाही. सासूबाईंच्या रागाला कारण आहे. तीन दिवस गहू भिजवून, रोज पाणी बदलून, वाटून-गाळून काढलेल्या चिकाच्या कुरडया कुणी तुडवल्या तर राग येणारच. पण दोन वर्षं पंख्याखाली झोपलेला कुत्रा मे महिन्यात शेतावर बांधला तर सावली सरकेल तसा त्याला कोण हलवणार? पाण्याचं भांडं कलंडलं तर पाहणार कोण? मोकळा सोडला तर शिवारातली कुत्री त्याला टिकू देणार नाहीत. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो मुख्यतः धापा टाकूनच अंग थंड करतो. कुरडयांचा प्रश्न सुटायला एवढं काही लागत नाही. गच्चीच्या दाराला वरच्या बाजूने कडी बसवा. ती तुमच्या धाकटीच्या हाताला लागणार नाही इतकी उंच हवी, कारण बहुतेक वेळा दार कुत्रा उघडत नाही, पोरं उघडं टाकतात.

आता तुमचं वेळापत्रक. सकाळी ९ ते ६, दर तासाला नवा उपक्रम. ताई, ही तर शाळाच झाली, वर मधल्या सुटीशिवाय! शिवाय भुसावळच्या मे महिन्यात ९ ते ६ हे तास मुळातच चुकीचे आहेत. आपल्याकडे दिवसाला दोन टोकं असतात, पहाटे साडेपाच ते साडेनऊ आणि संध्याकाळी साडेसहानंतर. हाताची, अंगाची, पसाऱ्याची कामं या दोन टोकांना. अकरा ते पाच म्हणजे पडून राहायचं, ऐकायचं, गुपचूप काहीतरी करत बसायचं. खानदेशातली सगळी जुनी घरं याच हिशेबाने चालायची. दुपारी पोर म्हणालं “काय करू?”, तर त्याचं उत्तर तुमच्याकडे असायलाच हवं असं नाही. वीस मिनिटं कंटाळू द्या. कंटाळ्यातून पोरं स्वतः जे काढतात ते दीड हजाराच्या डब्यात मिळत नाही.

कुत्र्याचं घड्याळही असंच आहे. वाढ झालेला कुत्रा दिवसातले निम्मे तास झोपतो, आणि दुपारी तर त्याला झोपायचंच असतं. तुमच्या वेळापत्रकात नेमक्या त्या वेळी पोरांचा गोंधळ सुरू असतो. मग त्याची झोप मोडते, तो चिडतो, कागद फाडतो. दिवाणाखाली किंवा जिन्याखाली त्याला एक जागा ठरवून द्या, तिथे जुनी सतरंजी टाका. एकच कायदा करा : तो तिथे असताना कोणीही हात लावायचा नाही, नणंदेच्या पोरांनीही नाही. सकाळचा फेरा साडेसहाच्या आत आणि रात्रीचा आठनंतर. बाहेर काढण्याआधी हाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवून बघा. तुम्हाला सोसवत नसेल तर त्याच्या पावलांनाही सोसणार नाही. गच्चीचा कोबा रात्री आठलाही भाजतो, हे लक्षात असू द्या.

पण नुसतं झोपून त्याचं भागणार नाही. त्याला डोक्याचं काम लागतं, आणि कुत्र्याचं डोकं नाकातून चालतं. पोरांना पहिला उपक्रम म्हणून मी हाच देईन : त्याच्यासाठी वास शोधायची चटई.

भोकाभोकांची रबरी पायपुसणी घ्या, साधारण ३० बाय ४० सेंटिमीटरची. मोठी असेल तर कापून घ्या. जुनी सुती साडी किंवा ओढणी घ्या, नायलॉनची नको, तिच्या गाठी सुटतात आणि धागे निघतात. ३ सेंटिमीटर रुंद आणि १८ सेंटिमीटर लांब अशा पट्ट्या कापायच्या. मोठा कापेल, धाकटी मोजून दहा-दहाच्या जुड्या करेल. अशा २०० पट्ट्या लागतात. प्रत्येक पट्टी एका भोकातून खाली घालून शेजारच्या भोकातून वर काढायची आणि दोनदा गाठ मारायची. एका गाठीवर सोडू नका. कुत्रा ओढून काढतो, गिळतो, आणि मग ती चिंधी आतड्यात अडकते. तुम्ही स्वतः प्रत्येक गाठ एकदा ओढून बघा. पट्ट्या विरळ झाल्या तर खाऊ वरूनच दिसतो आणि खेळ अर्ध्या मिनिटात संपतो, म्हणून दाटी हवी. दोन सकाळींत चटई तयार होते.

मग त्याच्या रात्रीच्या खाण्यातूनच मूठभर बाजूला काढा. बिनतेलाच्या पोळीचे हरभऱ्याएवढे कोरडे तुकडे किंवा त्याचा तयार खाऊ चालेल. पहिल्या दिवशी वरवर ठेवा, दुसऱ्या दिवसापासून खोल दडवा. तूप-मसाल्याचं काही घालू नका, वास कापडाला लागतो आणि तो चटईच खायला लागतो. दहा-पंधरा मिनिटं हुंगून झाली की चटई उचलून ठेवायची, त्याच्यापाशी सोडून जायचं नाही. हे दुपारी अकराच्या सुमाराला केलंत तर पुढे दोन-तीन तास तो झोपतो. चटईचा कंटाळा असेल तर जुन्या टॉवेलात तुकडे पसरून वळकटी करा, तेही चालतं.

जोडीला थंड वाटी. चार चमचे बिनसाखरेचं दही, अर्धं केळं कुस्करून, स्टीलच्या वाटीत चार-पाच तास बर्फाच्या कप्प्यात. केळ्याला आपल्या जिल्ह्यात काय तोटा! पोरांच्या वाटीत साखर, आंब्याचा रस जे हवं ते घाला, त्याच्या वाटीत फक्त दही आणि केळं. पहिल्यांदा दोनच चमचे देऊन बघा, काहींना दह्याने जुलाब होतात. मनुका, द्राक्षं, चॉकलेट कधीही नाही. आणि शेवभाजीचा किंवा कुठलाही काळ्या मसाल्याचा रस्सा भाकरीला लावून घालायची सवय असेल तर ती मोडा. कांदा-लसणाने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. आंब्याची कोय चाटायला दिली की तो ती गिळतो, म्हणून कोयींचा डबा झाकणाचा हवा.

आता पोरांची कामं. तुम्ही “उपक्रम” शोधता आहात आणि तुमच्याच गच्चीवर खानदेशातलं सगळ्यात मोठं उन्हाळी शिबिर भरलं आहे. कुरडया, बिबडे (ज्वारीचे पापड), पापड, चिकवड्या. सासूबाई शिक्षक, फी नाही. मुलांना तिथून हाकलण्याऐवजी तिथलं खरं काम द्या, शेवट दिसणारं आणि खायला मिळणारं. बिबड्यांचा घाटा शिजला की वाटीभर आधी पोरांचा, हे तर ठरलेलंच. सुरुवात मात्र बटाट्याच्या वेफर्सपासून करा, कारण त्यात गणित सापडतं.

सोललेले २ किलो बटाटे पोरांनी तराजूवर मोजायचे. किसणी तुम्ही चालवा, बोटं तुमचीच असू द्यात. चकत्या लगेच पाण्यात, त्यात चिमूटभर तुरटी, दोन-तीन पाणी बदलून. मग मिठाच्या उकळत्या पाण्यात तीन-चार मिनिटं, कडा पारदर्शक दिसेपर्यंत. कमी शिजल्या तर वाळताना काळ्या पडतात, जास्त शिजल्या तर उचलतानाच तुटतात. पहिला घाणा थोडाच टाकून अंदाज घ्या. चाळणीत निथळून सकाळी सातच्या आत गच्चीवर सुती कापडावर पसरायच्या. पसरणं हे पोरांचं काम : एकीला दुसरी चिकटता कामा नये, चिकटलेल्या जागी ओल राहते आणि डब्यात बुरशी धरते. दोन दिवसांत वाळतात. वाकवली की कट्‌ आवाज यायला हवा. आता पुन्हा वजन करा. २ किलोचे जेमतेम ४०० ग्रॅम भरतील. बाकीचं गेलं कुठे? बटाट्यात शंभरातले ऐंशी भाग पाणीच असतं, हे पोरगं पुस्तकातून विसरेल, तराजूवरून विसरणार नाही. आणि सासूबाईंच्या मुकादमीखाली काम केलेली पोरं कुरडयांची राखण आपणहून करतात.

मिठाच्या मातीऐवजी आपली काळी माती. तिला एकच खोड आहे, वाळताना तडकते. भिजली की फुगते, वाळली की आकसते, उन्हाळ्यात शेतात भेगा पडतात त्या याच कारणाने. म्हणून तिला आधी शांत करावं लागतं. चार पोरांना चार किलो कोरडी माती पुरे. ढेकळं फोडून बादलीत रात्रभर भिजवा. सकाळी ढवळून जुन्या ओढणीतून गाळा म्हणजे खडे-मुळ्या निघतील. गाळ बसला की वरचं पाणी झाडांना घाला आणि गाळ पोत्यावर पसरा. मे महिन्यात अर्ध्या दिवसात तो कणकेसारखा होतो. चार वाट्या मातीला एक वाटी चाळलेली बारीक वाळू आणि पिंजलेला मूठभर कापूस घालून चांगलं मळा. कापसाचे तंतू मातीला धरून ठेवतात, भेगा कमी पडतात.

पोळ्याचे बैल आत्ताच करून ठेवू द्या की! बैलाचं अंग कुठेही दोन बोटांपेक्षा जाड नको, जाड असेल तर कागदाचा बोळा आत घालून वरून माती. शिंगं आणि पाय नुसते चिकटवले तर वाळल्यावर गळतात. जोडायच्या दोन्ही जागा काडीने ओरखडायच्या, पातळ चिखल लावायचा, मग दाबायचं. सगळ्यात मोठी चूक होते वाळवताना. घाई म्हणून बैल उन्हात ठेवले की वरचा थर झटकन आकसतो, आतला ओलाच राहतो आणि पाठ उभी चिरते. पहिला दिवस घरात ओल्या फडक्याखाली, दुसरा सावलीत, तिसऱ्या दिवशी ऊन. रंगाला गेरू आणि पांढऱ्यासाठी खडूची पूड. चुना नको, तो डोळ्यांना आणि कुत्र्याच्या जिभेला भाजतो. चकाकीची पूड, थर्माकोल, रबरबँड, सुईदोरा हे पत्र्याच्या डब्यात, झाकण लावून.

आखाजी. झोका बांधाल तिथे कुत्रा नको. हलते पाय दिसले की तो पाठी लागणारच, त्यात त्याचा दोष नाही. भाचरं त्याला ओळखत नसतील तर पहिला तासभर तो साखळीला, तुमच्या हातात. पोरांनी त्याच्याकडे जायचं नाही, त्याने यायचं. खाऊ हातावर न देता जमिनीवर टाकायचा. अंगावर आला तर पळायचं नाही : हात छातीशी घेऊन, खाली बघत, झाडासारखं उभं राहायचं. ओठ चाटणं, उगाच जांभई देणं, तोंड फिरवणं, एकदम ताठ होणं, या खुणा पोरांना शिकवा. त्याच्या भाषेत हे “आता बस” आहे. हे ऐकलं नाही तर पुढची पायरी गुरगुरणं. गुरगुरला म्हणून मारू नका, मारलंत तर पुढच्या वेळी तो न सांगताच चावेल. सहा वर्षांची मुलगी आणि कुत्रा एका खोलीत एकटे सोडायचे नाहीत, तो कितीही गरीब असला तरी. रेबीजची लस दरवर्षी आहे ना, ते पाहुणे यायच्या आधी बघा. आणि दात किंवा नख लागलंच, तर १५ मिनिटं वाहत्या पाण्याखाली साबणाने धुऊन त्याच दिवशी दवाखाना. हळद-तिखट भरायचं नाही.

दुपारी मोबाइल? तासभर दिलात तर आभाळ कोसळत नाही. वेळ ठरलेली असावी, आणि यजमान झोपलेले असतात त्या वेळेला तो उपयोगीच पडतो. बाकी दुपारी कूलरसमोर एक प्रयोग करता येईल. पाण्याच्या दोन सारख्या बाटल्या घ्या, एकीला ओलं फडकं गुंडाळा, दोन्ही खिडकीच्या वाऱ्यात ठेवा. तासाने हात लावून बघा. माठ गार का होतो आणि आपला कूलर कोरड्या हवेत का चालतो, ते पोरं तुम्हाला सांगतील. कूलरमध्ये पाणी भरताना मात्र प्लग काढलेला हवा आणि भरणारं माणूस मोठं. वायर जमिनीवरून नेली असेल तर ती भिंतीला चिकटवा, काही कुत्र्यांना ती चावायला आवडते.

रात्री नऊनंतर गच्ची. मे महिन्यात सप्तर्षी उत्तरेला उंचावर असतात. त्यांच्या शेपटीचा बाक तसाच पुढे ओढला की तांबूस स्वाती लागते, आणखी पुढे पांढरी चित्रा. कुत्रा वर असेल तर साखळीला. मांजर दिसलं की कठड्याचं भान त्याला राहत नाही. तो धापा टाकतो आहे, लाळ चिकट झाली आहे, हिरड्या लालभडक आणि पाय लटपटतात असं कधीही दिसलं तर सावलीत आणून अंगभर नळाचं साधं पाणी ओता आणि पंखा लावा. बर्फात घालू नका. आणि ओल्या अंगानेच दवाखान्यात न्या.

मांजर असलेल्या घरांसाठी एवढंच : लोकर, दोरा, राखीचा गोफ हे खेळायला देऊन सोडून जाऊ नका. दोरा गिळला आणि शेपटीखाली लोंबताना दिसला तर ओढायचा नाही, आतडं कापलं जातं. आणि मुलांसाठी सुटीत पोपट आणायचा विचार करणाऱ्यांनी तो सोडून द्यावा. १९७२च्या वन्यजीव कायद्याने देशी पोपट पिंजऱ्यात ठेवता येत नाही.

राहिल्या त्या तुडवलेल्या कुरडया. सगळ्या टाकायच्या नसतात. त्याचा पाय न लागलेल्या पण मोडलेल्या असतील त्या गरम पाण्यात भिजवून कांदा-मिरचीवर परतून भाजी करा, सासूबाईंना विचारून. कांदा आहे म्हणजे त्यातलं त्याला काही नाही, हे पोरांना आधीच सांगून ठेवा.